सुईची वेळ

बेळगावच्या दवाखान्यात बाकावर बसताना मी सुमीला पदराखाली घेतलं होतं. पोर तेव्हा इतकी वाळली होती की बघणाऱ्याच्या तोंडून हाय निघे, आणि मला कुणाची हाय नको होती. शेजारी बसलेली बाई मात्र सरकून जवळ आली, माझ्या पदराचं टोक दोन बोटांनी वर केलं आणि आत डोकावून म्हणाली, "झाकून काय करतीस गं? माझं बी असंच झालतं. नुसत्या काटक्या. आता ते तिकडं बघ."

तिकडं अंगणात एक पोरगा कुत्र्याला पळवत होता, आणि मधूनच कुत्रं त्याला पळवत होतं.

"त्योच. गुंडू. सारखं पाणी पाणी, सारखं लघवीला, मग अंथरुणाला खिळला. समदं झालंय त्याचं. आता रोज सुई. टोचली की शिव्या देतोय. शिव्या दिल्या की मी समजते, बरा हाय."

मी हसले. कितीतरी दिवसांनी हसले, आणि हसता हसताच रडायला लागले. ती बाई नको रडू म्हणाली नाही. तिनं सुमीला आपल्या मांडीवर घेतलं आणि माझं रडून होईपर्यंत तिच्याशी कुत्र्याबद्दल बोलत बसली.

ही शालूबाई. मी तिला शालूआक्का म्हणते. राहणार वडगावची, घरात ओळीनं हातमाग, नवरा लुगडी विणून विकतो. मी निपाणीजवळच्या खेड्यातली, जैनाच्या घरची सून. आमची तंबाखूची शेती. एरवी आम्हा दोघींची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. पण आमच्या गावात, पलीकडच्या चार गावांत, लेकराला रोज सुई टोचणारी आई दुसरी कुणी नव्हती. तिच्याही ओळखीत नव्हती. म्हणून आम्ही डॉक्टरांकडे जायचा दिवस एकच धरला. महिन्याला एकदा मी सुमीला घेऊन निपाणीहून सर्व्हिस मोटारीनं बेळगावला जायची, आणि रात्रीचा मुक्काम वडगावला आक्काकडे.

काय बोलायचो आम्ही? काही मोठं नाही. ती म्हणायची, "माझा नवरा सुई दिसली की मागावर जाऊन बसतोय. धोटा नुसता इकडनं तिकडं, इकडनं तिकडं. सुई झाली, या आता, म्हणून हाक मारायला लागत्या." मी सांगायची, आमचे हे सुई उकळून देतात, चिमट्यानं ताटलीत मांडून देतात, आणि टोचायच्या वेळेला गोठ्यात जाऊन म्हशीला विचारतात, पाणी पाहिजे का. मग आम्ही दोघी हसायचो. घरी याच गोष्टीचा मला राग येत असे. तिच्याकडे हसून आलं की महिनाभर तो राग येत नसे.

पण एक गोष्ट मी तिला सांगितली तेव्हा हसण्यासारखी नव्हती.

आमच्या घरात पाणी फडक्यानं गाळून घेतात, बारीक जीव पोटात जाऊ नयेत म्हणून. कांदा-बटाटा घरात येत नाही. दिवस मावळला की चूल थंड होते. सासूबाई तर सूर्य बुडाल्यावर पाण्याचा घोटही घेत नाहीत. अशा घरात मी रोज दोनदा लेकराच्या मांडीत सुई टोचते, आणि ते औषध कशापासून करतात हे मला ठाऊक होतं. मीच एकदा डॉक्टरांना विचारलं होतं. ते कागदावर लिहिता लिहिता सहज म्हणाले, जनावराच्या पोटातल्या एका ग्रंथीपासून, कत्तलखान्यातून आणतात. मग मान वर करून माझं तोंड बघितलं, आणि त्यांना बहुतेक वाटलं, सांगायला नको होतं.

ते मी घरात कुणाला बोलले नव्हते. यांनाही नाही. घरात कळलं आणि सुई बंद झाली तर सुमी किती दिवस राहील, हे मी दवाखान्यात येण्याआधीच्या महिन्यात बघितलं होतं. म्हणून गप्प होते. पण रोज सकाळी देवदर्शनाला उभी राहिले की हात जोडणं जड व्हायचं.

शालूआक्कानं ऐकून घेतलं. त्यात काय एवढं, असं ती म्हणाली नाही. तिच्या घरात सणावाराला मटण शिजतं, तिला ते म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "तुमचं मला कळायचं न्हाय. पर तुला जड झालंय ते दिसतंय. एकटीनं कशाला उचलतीस? निम्मं माझ्याकडं दे." आणि खरंच ओझं घ्यावं तसा हात पुढं केला. त्या हाताला काठ विणून विणून सुताचे वळ पडलेले होते. मी तो नुसता धरून बसले.

*

त्या वर्षी पावसाळ्यानंतर आमच्या गावात दिगंबर मुनी महाराज मुक्कामाला येणार असं ठरलं. सासूबाईंना, म्हणजे अत्याबाईंना, हर्ष मावेना. महाराज दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात. गावातली घरं आपापल्या दारात कलश घेऊन उभी राहतात; ज्या घरी महाराज वळतील तिथं चौका, म्हणजे आहाराची सोवळी जागा, मांडलेला असतो, धुतल्या वस्त्रानं घरची माणसं एकेक घास त्यांच्या ओंजळीत घालतात. अत्याबाईंनी चौक्यासाठी नवी पांढरी लुगडी सांगितली, तीही शालूआक्काच्याच मागावरची. "तुझी ती वडगावची मैत्रीण चांगलं सूत घालत्या म्हणतीस न्हवं? तिलाच सांग. आन तिला म्हणावं, तू स्वतः घेऊन ये."

मला बरं वाटलं. पण लगेच सुमी नाचत आली.

"आज्जी, मला आठ वर्षं झाली की न्हाय?"

"झाली की."

"मग मी बी घास देणार. आठ झाली की देता येतोय. पाठशाळेत सांगितलंय."

"दे की माझी आई," अत्याबाई म्हणाल्या. "तूच पहिला दे."

मी चुलीपुढं होते. हातातलं लाकूड हातातच राहिलं. महाराजांच्या ओंजळीत घास घालणारी पोर, आणि तिच्या अंगात ते औषध. हे मला ठाऊक असून मी तिला तिथं उभी करायची? आणि नको म्हणायचं तर का म्हणून सांगायचं?

त्या महिन्यात बेळगावला गेले ती हेच घेऊन. पण आक्काशी बोलणं व्हायच्या आधीच भलतंच घडलं. गुंडू आणि सुमी मागाखाली बसून सुताच्या रिकाम्या कांड्यांचा किल्ला रचत होते. गुंडूला नवीन कळलेलं काहीतरी सांगायचं होतं.

"सुमे, आपली सुई कशाची असत्या ठावं हाय का? बैलाची."

"हाड."

"आईशपथ. बैलाच्या पोटातनं काढत्यात. म्हणून मला एवढी ताकद. तू बी बघ, तुला शिंगं येणार."

शालूआक्का ताडकन उठली, पोराच्या पाठीत धपाटा घातला. पण सुमी माझ्याकडे बघत होती. "आई, खरं?"

खोटं बोलता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं. पण रोज सुई टोचताना मी तिला सांगते, जरा दुखेल. दुखणार नाही असं कधी म्हणत नाही. ती माझ्यावर विश्वास ठेवून मांडी पुढं करते ती त्याच्यावरच.

"खरं," मी म्हणाले. "जनावराच्या अंगातनंच करतात. बैलाचं असेल, दुसऱ्याचं असेल. मला ठाऊक होतं."

परतीच्या मोटारीत ती एकदाच बोलली. "त्यो बैल मेला असंल का गं?" मी होय म्हणाले. मग ती तवंदीच्या घाटात झोपली. घरी सांगू नको, असं मी तिला म्हणाले नाही. ते ओझं मी बाळगत होते तेच पुष्कळ होतं, तिच्या डोक्यावर कशाला द्यायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी अत्याबाई चौक्यासाठी गहू निवडत बसल्या होत्या. सुमी त्यांच्यासमोर बसून खडे वेचत होती. मी परसात धुणं आपटत होते, आणि आतून तिचा आवाज आला.

"आज्जी, माझी सुई बैलाच्या पोटातनं काढत्यात. मग मी घास दिला तर चालतंय का?"

धुणं थांबवून मी आत आले. अत्याबाईंच्या हातातलं सूप तिरकं झालं होतं, गहू मांडीवरून घरंगळत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर सगळं असणार, कारण त्यांनी काही विचारलं नाही. सूप खाली ठेवलं आणि उठून देवघरात गेल्या.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळच्या सुईची वेळ झाली तेव्हा मी सुमीला घेऊन मागच्या सोप्यात बसले आणि ताटलीतली सुई उचलून परत परत खाली ठेवत राहिले, शेवटी यांना, म्हशीला सोडून, सुमीचा पाय धरायला यावं लागलं. हे म्हणाले, "आई काय म्हणंल ते बघू."

"त्या नको म्हणाल्या तर?"

हे उठले आणि परत म्हशीकडे गेले. मला त्यांचं ते उठून जाणं सगळ्यात वाईट लागलं.

औषधाची बाटली आम्ही रांजणाखालच्या ओल्या वाळूत ठेवतो, थंड राहावी म्हणून. सकाळी उठून बघते तो अत्याबाई रांजणापाशी बसलेल्या. वाळूत हात घालून त्यांनी बाटली वर काढली होती आणि उजेडाला धरून बघत होत्या. आता फोडणार, असं मला वाटलं. मी पुढं झाले.

"किती दिवस पुरतंय हे?" त्यांनी विचारलं.

"महिनाभर."

"आन संपलं तर?"

"तर सुमी राहत न्हाय, अत्याबाई."

त्यांनी बाटली परत वाळूत ठेवली, वरून वाळू सारखी केली, आणि हात धुवायला गेल्या. त्याचा अर्थ काय घ्यायचा मला कळेना. मी ती सकाळ सुमीचे कपडे गाठोड्यात बांधून काढली. नको म्हणाल्या तर वडगावला जायचं, एवढं मी मनाशी ठरवलं होतं. पुढचं काही ठरवलं नव्हतं.

*

आणि दुपारच्या मोटारीनं शालूआक्काच आली. बगलेत लुगड्यांची घडी, मागं गुंडू मान खाली घालून. घरात काय झालंय याची तिला वार्ता नव्हती. सोप्यात टेकली, घाम पुसला, लुगडी पुढं केली. अत्याबाईंनी घडी हातात घेतली, पोत बघितला, चांगलं आहे म्हणाल्या. मग त्यांची नजर अंगणात गेली. गुंडू सुमीला काहीतरी समजावून सांगत होता, बहुतेक शिंगं येत नाहीत हे.

"बाई, तुझ्या पोराला लई तहान लागायची का गं आजारात?"

"लई. न्हाणीतल्या घंगाळात तोंड घालायचा, जनावरागत."

"आमचा भरमू डोणीत घालायचा. म्हशीच्या."

मी दाराआड होते. या घरात येऊन मला इतकी वर्षं झाली, भरमू हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

"भरमू कोण, आई?" शालूआक्कानं विचारलं.

"माझा थोरला. सुमीच्या बापाच्या, धरणेंद्राच्या आधीचा." त्या लुगड्याच्या काठावरून बोट फिरवत होत्या. "सुमीएवढाच. असाच वाळत गेला. वैद्य झाले, काढे झाले. पाणी मागायचा. दिवस मावळला की आमच्यात पाणी न्हाय. सासू कडक. आन ते पोर आडवं पडून नुसतं ओठ हलवतंय. मी गोठ्यात नेऊन पाजलं. रोज पाजलं. मग गेला. सासू म्हणाली, रातीचं पाणी पाजलंस, त्येचं फळ. तवापासनं मी गोड सोडलंय. पर फळ माझंच न्हवं का ते, असं मनात राहतंयच."

अत्याबाई गूळ खात नाहीत ते व्रत म्हणून, असं मी समजत होते. आणि आणखी एक माझ्या ध्यानात आलं. सुमीची सुई सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोरीला अचानक घाम फुटला, थरथर सुटली, तर वेळ न बघता गूळ द्या. दिवेलागणीनंतर गूळ देताना मी घाबरत होते. पण कोनाड्यात, झोपल्या जागेवरून हात पोचेल असा, गुळाचा खडा नेहमी असायचा. तो मी कधी ठेवलेला नव्हता.

शालूआक्का जरा जवळ सरकली. मग तिनं विचारलं, "दिसायला कसा हुता वो?"

अत्याबाई गोंधळल्या. हे त्यांना कुणी कधी विचारलं नसावं.

"गोरा. कान मोठं. सुमीचं हायत तसंच. आन लई वाह्यात. एकदा पंडितांच्या पगडीत कोंबडीचं पिल्लू ठेवलं."

"जैनाच्या घरात कोंबडीचं पिल्लू कुठलं?"

"त्येच तर कुणाला कळलं न्हाय." अत्याबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी ती नवी लुगडी तोंडाला लावली. खांदे हलत होते. शालूआक्कानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि लुगडी ओली होऊ दिली.

जरा वेळानं ती म्हणाली, "आई, तवा ही सुईच नव्हती कुठं. पोर ऱ्हायचंच नव्हतं. तुमी पाणी दिलासा म्हणून गेलं न्हाय. तुमी पाणी दिलासा म्हणून तळमळत गेलं न्हाय, एवढंच."

आता दाराआड राहणं मला जमेना. मी जाऊन अत्याबाईंच्या दुसऱ्या बाजूला बसले. त्यांनी माझ्याकडे न बघता माझा हात ओढून मांडीवर घेतला.

"काल दिसभर मी इचार करत हुते," त्या म्हणाल्या. "तवा असलं औषध कुणी आणून दिलं असतं, तर कशाचं हाय म्हणून मी इचारलं असतं का? इचारलं असतं. ऐकून रडले असते. आन पोराला दिलं असतं." मग माझ्याकडे वळल्या. "तू एकटीच गिळून बसलीस व्हय गं इतके दिवस?"

"तुम्ही बंद कराल असं वाटलं."

"वाटणारच. माझ्या सासूपुढं मला बी वाटायचं." त्यांनी डोळे पुसले. "सुई चालू ऱ्हाईल. धरणेंद्राला मी सांगते, आणायला त्यानं बी जायाचं बेळगावला, नुसती म्हस धरून बसायचं न्हाय. पर सुमी महाराजांच्या ओंजळीत घास घालणार न्हाय. तेवढं माझ्या मनाला जमायचं न्हाय. रागावू नगंस."

मी रागावले नाही. वाईट वाटलं, घास द्यायचं पोरीनं किती दिवस मनात धरलं होतं म्हणून. तिला सांगायला मी उठत होते तर अत्याबाईंनी मला खाली बसवलं. स्वतः हाक मारली. सुमी आली, मागोमाग गुंडूही. अत्याबाईंनी तिला आडपडदा न ठेवता सांगितलं. तुझी सुई चुकायची न्हाय, पण घास द्यायचा न्हाय. ही दोन्ही एका दिवसात मला बघवायची न्हाईत.

सुमीनं ओठ काढला. "मग कधी?"

"मोठी झालीस, पोरंबाळं झाली तुला, की तू तुझं महाराजांना इचार. तवा मी नसंन. त्ये म्हणतील तसं कर."

सुमी फणकाऱ्यानं निघून गेली. गुंडू म्हणाला, "मी समजूत घालतो," आणि आईनं त्याला दंडाला धरून खाली बसवला.

मी मात्र त्याच वाक्यापाशी थांबले होते. मोठी झालीस, पोरंबाळं झाली. या दुखण्यापासून आमच्या घरात सुमीबद्दल जे बोललं जाई ते आजचं असे, फार तर उद्याचं. मीसुद्धा त्यापलीकडे मन जाऊ देत नव्हते. आणि अत्याबाई चिडक्या पोरीची समजूत काढताना तिची पोरंबाळं धरून बोलून गेल्या. शालूआक्कानं माझ्याकडे बघितलं. तिलाही ते ऐकू गेलं होतं.

मी आत जाऊन गाठोडं सोडलं.

*

महाराजांचा आमच्या गल्लीतला दिवस उजाडला तेव्हा आक्का आणि गुंडू मुक्कामालाच होते. अत्याबाईंनी पहाटे न्हाऊन नवं लुगडं नेसलं होतं. त्या वस्त्रानं त्या कुणाला शिवणार नव्हत्या. मला म्हणाल्या, "तू चौक्यात येऊ नगंस. शेजारच्या बायका हायत माझ्यासंगं. तू पोरीपाशी थांब. तिची भाकरी तिच्या वेळंला झाली पायजे, महाराजांची वाट बघत बसू नगा."

आम्ही मागच्या सोप्यात बसलो. दोन आया, दोन पोरं, दोन सुया उकळून ताटलीत. गुंडूची झाली, त्यानं ठरल्याप्रमाणे शिव्या दिल्या, पण सणाचा दिवस म्हणून हळू आवाजात. मग सुमी मांडी काढून बसली. अजून गाल फुगलेलेच होते.

अत्याबाई दाराच्या उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या, अंग सावरून, लांबच. सुईच्या वेळेला त्या इतक्या जवळ कधी आल्या नव्हत्या.

"दुखतंय का गं, सुमी?"

"दुखतंय की."

"मग रडत कशी न्हाईस?"

सुमीनं माझ्याकडे एक नजर टाकली आणि आज्जीला सांगितलं, जणू मी तिथं नव्हतेच. "रडलं की आई भित्या. भिली की हळू टोचत्या. हळू टोचलं की लई दुखतंय. तुमी सांगू नगा तिला."

शालूआक्का तोंडावर पदर धरून वळली. अत्याबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, "बघ बाई, आता. मी काय सांगितलेलं न्हाय."

"ऐकलं मी," मी म्हणाले, आणि त्या दिवशी सुई पटकन टोचली.

"हां," सुमी म्हणाली. "अशी."

भाकरीचा पहिला तुकडा तिनं तोंडात घातला तोच रस्त्याकडून बायकांचे आवाज आले. नमोस्तु, नमोस्तु. एकेका दारातून ते जवळ येत होते. अत्याबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला, कलश घ्यायला वळल्या, आणि वळता वळता थांबून म्हणाल्या, "समदी खा गं. अर्धी टाकून पळत येऊ नगंस बघायला."

"हूं," सुमी तोंड भरलेलं असताना म्हणाली, आणि दुसरा तुकडा मोडला.